ताडोबा: आई-बाबा, दोन मुलं, चार दिवस. कसं जमवायचं?

ऋजुता_ठाणे (१४ नोव्हेंबर, रात्री १०:४२)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही सहा जण. मी, नवरा, आई (७१), बाबा (७५), मुलगा अकरा वर्षांचा आणि मुलगी सात. बाबा रेल्वेत होते. नोकरीची नऊ वर्षं वर्धा-बल्लारशा पट्ट्यात गेली, पण ताडोबाला एकदाही गेले नाहीत. "तेव्हा ड्यूटी होती, आता गुडघे आहेत," म्हणतात. यंदा त्यांना न्यायचंच असं ठरवलंय.

आईच्या कमरेचं दुखणं जुनं आहे, पट्टा लावल्याशिवाय रिक्षातसुद्धा बसत नाही. सुट्टी एकतर नाताळात मिळेल नाहीतर मे महिन्यात. मेमध्ये वाघ हमखास दिसतो असं जो तो सांगतो, पण चंद्रपूरचा मे म्हणजे काय ते बाबांनी सांगितल्यावर मुलांचे चेहरे उतरले. एका एजंटने "टायगर गॅरंटी पॅकेज" म्हणून आकडा सांगितला, तो ऐकून नवऱ्याचा उतरला. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा... कुठलं गेट घ्यायचं आणि सफाऱ्या किती करायच्या? नकाशा बघून गरगरायला लागलंय.

रानवाट (१४ नोव्हेंबर, रात्री ११:०५)

गॅरंटीवाल्याला एकच विचारा, करारावर वाघाची सही आहे का.

भटक्या_खंडू (१५ नोव्हेंबर, सकाळी ७:२०)

ऋजुता, चहा घेता घेता लिहितोय, लांबेल.

आधी सफारी, मग मुक्काम, मग रेल्वेची तिकिटं. लोक हे बरोब्बर उलटं करतात. छान रिसॉर्ट कोलाऱ्याला बुक करतात आणि सफारी मिळते मोहर्लीची. मग पहाटे साडेतीनला उठून जंगलाला वळसा घालत गेट गाठायचं. मी स्वतः केलंय, म्हणून सांगतो. ज्या गेटची सफारी त्याच गेटजवळ झोपायचं.

बुकिंग वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा. प्रत्येकाच्या ओळखपत्राचा नंबर लागतो आणि तेच ओळखपत्र, मूळ प्रत, गेटवर दाखवावं लागतं. मागाहून नावं बदलता येत नाहीत, म्हणजे आयत्या वेळी मावसभाऊ घुसवता येत नाही. शनिवार-रविवारचे दर जास्त आणि जागाही आधी संपतात, त्यामुळे आठवड्यातले मधले दिवस बघा. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय गाईड आणि चालक. तुम्ही नेमके सहा आहात, अनोळखी कुणी शेजारी येणार नाही. हे मोठं सुख आहे, कारण अनोळखी माणूस म्हणजे हमखास व्हिडिओ कॉल लावणारा.

आणि मंगळवारी ताडोबा बंद असतं. हे फ्रीजवर चिकटवून ठेवा. दर मोसमात कुणीतरी मंगळवारी सामानसुमान घेऊन गेटवर उभं असतं.

आता गेटांचं. गाभा क्षेत्र म्हणजे कोअर सुमारे ६२५ चौरस किलोमीटर. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, अंधारी अभयारण्य १९८६ चं, दोन्ही मिळून ते झालंय. त्याच्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचं बफर. कोअरची सहा गेटं: मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी. शेवटची दोन कोळसा वनक्षेत्रात नेतात. तिथे गर्दी कमी, रान दाट आणि वाघ दिसण्याची शक्यताही त्या मानाने कमी. पहिल्यांदा जाताय, तर मोहर्ली नाहीतर कोलारा. नागपूरहून उमरेड-भिसी-चिमूर असं आलात तर कोलारा जवळ. जाम-वरोरा-भद्रावती असं आलात किंवा चंद्रपूरला उतरलात तर मोहर्ली. मोहर्लीत एमटीडीसीचं आणि वनविकास महामंडळाचं निवासस्थान आहे, त्यामुळे खिशालाही बरं.

सफाऱ्या किती? एकच करणार असाल तर राणीच्या बागेत जा. किमान तीन. चारच्या वर आईंना झेपणार नाही.

कोकणी_फणस (१५ नोव्हेंबर, सकाळी ९:१५)

खंडूंना अनुमोदन. बुकिंगवरून आमची गंमत ऐका. एका एजंटने कोअरचे पैसे घेतले आणि पावती "प्रोसेसमध्ये आहे" असं सांगत आठवडा काढला. गेटवर पोचल्यावर कळलं, सफारी बफरची. भांडायला फोन लावला तर रेंज नाही. बायकोने त्या दिवशी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर वाघाची भीती उरली नाही.

पावतीवर गेटचं नाव आणि "कोअर" की "बफर" हे वाचल्याशिवाय पैसे सोडू नका. गंमत म्हणजे त्याच बफरच्या सफारीत आम्हाला वाघीण दिसली. पण म्हणून एजंट सज्जन ठरत नाही.

शिल्पा_एडिसन (१५ नोव्हेंबर, रात्री ८:३०)

आम्ही भारतात येतो ते डिसेंबरातच, त्यामुळे आमच्या तिन्ही ट्रिपा थंडीतल्या. न्यू जर्सीचा बर्फ काढणारी माणसं आम्ही, ताडोबाच्या थंडीला काय घाबरणार, अशा तोऱ्यात पहिल्या दिवशी पातळ जॅकेटवर बसलो. पारा आठ-नऊवर, गाडी उघडी आणि अंगावर वारा. तासाभरात दात वाजायला लागले. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने रिसॉर्टची रजई आणि गरम पाण्याची पिशवी घेतली. कानटोपी, हातमोजे, पायात दोन मोजे. आठ-साडेआठला ऊन लागलं की हे सगळं एकेक करून उतरवायचं, तेव्हा रिकामी पिशवी जवळ असू द्या.

डिसेंबरात जंगल देखणं असतं, धुकं, दवाने भरलेली कोळ्यांची जाळी. पण गवत उंच असतं आणि पाणी जागोजाग, त्यामुळे वाघाला बाहेर यायची गरज नसते. सहा सफाऱ्यांत आम्हाला एकदा दिसला, तोही लांबून. शिवाय नाताळ ते १ जानेवारी गर्दी अशी की अख्खं पुणे तिथे भेटतं.

चिमूरचा (१५ नोव्हेंबर, रात्री ११:४८)

ताई, मी चिमूरचाच. भाऊ जिप्सी चालवते, मी मोबाईलचं दुकान चालवतो. मे महिना आई-बाबाले घेऊन नका येऊ जी. पंचेचाळीस-सेहेचाळीस म्हणजे काय असते ते पेपरात वाचून नाई कळत. दुपारच्या फेरीत गाडीचा दांडा हातात धरवत नाई. वाघ दिसते, पाण्यात मागचं अंग बुडवून बसते आरामात, खरं आहे. तो पाण्यात अन् तुमी उन्हात.

फेब्रुवारीचा शेवट पाहा. पानगळ सुरू झाली राहते, आतपर्यंत नजर जाते, नाले आटाले लागते, म्हणून जनावर पाणवठ्यावर येते. सकाळी थंडी, दुपारी बऱ्यापैकी ऊन, पण सोसवते. पळस फुललेला राहते. पोरांची शाळा तीन दिवस बुडली तर काही बिघडत नाई.

अन् वाघ कसा शोधते ते ऐकून ठेवा, म्हणजे गाडी उभी केली की पोरं कंटाळणार नाईत. गाईड इंजिन बंद कराले लावते, ते ऐकाले. चितळ कशालेही वरडते, बिबट असो, कुत्रं असो, कधी नुसत्या संशयावर. वानराचं जरा बरं, तो वरून पाहते. पण सांबर वरडलं ना, जोरात एकदाच "ढांक", अन् शेपटी वर करून पाय आपटला, तं समजा नक्की आहे. सांबर फुकट वरडत नाई.

निवृत्त_मास्तर (१६ नोव्हेंबर, सकाळी ६:१०)

चिमूरकर, सांबराचं वाक्य वहीत लिहून ठेवलं. आमच्या शाळेत एक मुख्याध्यापक असे होते.

ऋजुताताई, बाबांना तारूची गोष्ट सांगा. ताडोबा हे नाव ज्याच्यावरून आलं तो तारू, गोंडांच्या आख्यायिकेत गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला. तळ्याच्या काठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि पौषात आदिवासींची जत्रा भरत असे. मोहर्लीकडून तळ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला ओळीने जुने दगडी खांब दिसतात, तेही मुलांना दाखवा. गोंडराजाच्या काळी त्यांतून दोर ओवून चंद्रपूरपर्यंत इशारा पोचवत, असं गाईड सांगतात. रेल्वेच्या माणसाला सिग्नलची ही तऱ्हा आवडेल.

गवताचं_पातं (१६ नोव्हेंबर, दुपारी १:३५)

सगळे ताडोबाच सांगतायत म्हणून थोडा विरोध नोंदवते. २०२२ च्या गणनेत देशात ३६८२ वाघ धरले, त्यांत मध्य प्रदेशात ७८५ आणि महाराष्ट्रात ४४४. नागपूरहून उत्तरेला निघालात तर दोन-अडीच तासांत पेंचचं तुरिया गेट येतं. "कॉलरवाली" वाघीण तिथलीच, आठ वेळा मिळून २९ बछडे दिले तिने, जानेवारी २०२२ मध्ये गेली. कान्हाला जायला वेळ लागतो, पण सालाचं रान आणि मोकळी कुरणं बघताना वाघाची आठवणही येत नाही. तिथला बारशिंगा १९७० मध्ये अवघा ६६ वर आला होता, आज कळप चरताना दिसतात. मुलांना दाखवायचं तर मला हे वाघापेक्षा मोठं वाटतं. फक्त मध्य प्रदेशात सुट्टीचा नियम वेगळा, तिथे बुधवारी दुपारची फेरी नसते.

अजून एक, जरा कडू आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव भागात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्ही बाजूंनी जिप्स्या लावून अडवले होते. व्हिडिओ फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड-चालकांवर कारवाई झाली. कारवाई व्हायलाच हवी होती. पण त्या गाड्यांत मागे बसून "अजून पुढे घ्या, अजून पुढे" कोण म्हणत होतं? टिप कोण देत होतं? एवढंच.

भटक्या_खंडू (१६ नोव्हेंबर, दुपारी २:१०)

पातं, कान्हा मलाही प्रिय. पण ठाण्याहून निघून चार दिवसांत, कमरेच्या पट्ट्यासकट? नागपूरहून पुढे अजून पाच-सहा तास गाडीत. जाऊदे, पुढच्या वेळेला.

गोठणगावच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. मी आता गाडीत बसल्या बसल्या गाईडला सांगतो, वाघ नाही दिसला तरी टिप ठरलेली आहे. त्याचा खांदा खाली येतो. मग तो पक्ष्यांपासून कुंभीच्या झाडापर्यंत सगळं दाखवतो.

चिमूरचा (१६ नोव्हेंबर, रात्री १०:२२)

पातंताई, बरोबर बोलल्या. एक आमच्या बाजूचंही ऐका. मार्च-एप्रिलात आमच्या घरच्या बाया पहाटे मोहफुलं वेचाले जाते, मे लागला का तेंदूपत्ता. वाकून काम. वाकलेला माणूस वाघाले माणसासारखा दिसत नाई. २०२१ मध्ये कोलाऱ्याच्या रानात प्रगणनेच्या कामात असलेल्या वनरक्षक बाईले वाघिणीनं मारलं, ती तर खात्याची, रोज जंगलात जाणारी. दरवर्षी जिल्ह्यात असं होऊन राहिलं. तुमी पैसे देऊन पाहाले येता, आमच्याइकडे तो गोठ्यात येते.

तरी वाघ पाहिजे का नको, असं विचाराल तं पाहिजे. माझा भाऊ त्याच्यावरच जगते. मावशी मात्र वेगळं सांगेल. याचं सोपं उत्तर माझ्यापाशी नाई.

ऋजुता_ठाणे (१७ नोव्हेंबर, रात्री ९:०५)

बाप रे, एवढं सगळं! बाबांना पूर्ण धागा मोठ्याने वाचून दाखवला. दगडी खांबांचं ऐकून चष्मा पुसत बसले. चिमूरकर, तुमचा शेवटचा प्रतिसाद वाचल्यावर घरात थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ठरलाय. वर्गशिक्षिकेला काय सांगायचं ते नवऱ्यावर सोपवलंय. सोमवारी रात्री दुरांतोने निघायचं, मंगळवारी सकाळी नागपूर, तिथून गाडी करून वरोऱ्यामार्गे मोहर्ली. वाटेत आनंदवन लागतं, आईला ते बघायचंच आहे. म्हणजे बंदचा मंगळवार प्रवासात जिरला! बुधवार दुपार कोअर, गुरुवार सकाळ बफर, शुक्रवार सकाळ कोअर. बरोबर आहे ना?

आता आईच्या कमरेचं सांगा. आणि बाथरूमचं. आणि कॅमेरा न्यायचा का?

भटक्या_खंडू (१७ नोव्हेंबर, रात्री ९:४०)

आखणी फक्कड. गुरुवारी दुपारी झोपा, काही करू नका.

जिप्सीत मागची सीट मागच्या चाकांवर येते, प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. आईंना चालकाच्या लगेच मागे बसवा आणि शेवटपर्यंत कुणी जागा बदलून मागू नका. मुलांना मागे टाका, त्यांना उडायला आवडतं. पातळ उशी पाठीशी, एक दुमडलेली चादर खाली. चालकाला सुरुवातीलाच सांगा की कमरेचं दुखणं आहे, तो खड्ड्यात हळू घेतो. गाडीवर चढायला पायरी उंच असते, रिसॉर्टवर स्टूल मागून घ्या.

कोकणी_फणस (१७ नोव्हेंबर, रात्री १०:०२)

बाथरूम गेटवर उरकूनच निघा. आत गाडीतून उतरायची परवानगी नाही, ठराविक थांब्याचा अपवाद सोडून. पहाटेचा चहा अर्धा कपच. सात वर्षांच्या मुलीला पाणी घोट घोट. अनुभवाचे बोल, तपशील विचारू नका.

शिल्पा_एडिसन (१७ नोव्हेंबर, रात्री १०:५०)

कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही, तेव्हा फोटोची भिस्त त्यावर नको. मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याला वेगळं शुल्क पडतं. माझं मत विचाराल तर त्या पैशात एक बरी दुर्बीण घ्या, ८ x ४२ ची, आणि सहा जणांत फिरवा. धुळीसाठी प्रत्येकी एक सुती ओढणी किंवा उपरणं. कपडे मातकट, लाल-पांढरे नकोत.

रानवाट (१८ नोव्हेंबर, सकाळी ८:१५)

अवांतर: नागपूरला उतरल्यावर तर्री पोहे. आईंना कमी तर्रीचे.

चिमूरचा (१८ नोव्हेंबर, सकाळी ८:५०)

कमी तर्रीचे म्हणजे नुसते पोहेच झाले ना भाऊ.

सुलभा_जोगळेकर_काकू (२१ नोव्हेंबर, दुपारी ४:००)

बफरची सफारी म्हणजे दुय्यम का? आमच्या सोसायटीतले म्हणतात पैसे वाया.

भटक्या_खंडू (२१ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०)

काकू, अजिबात नाही. कोअर-बफरची रेघ माणसाने आखली. कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागात पर्यटन चालतं, २०१२ पासूनचा नियम आहे. अलिझंझा, मदनापूर, निमढेला, आगरझरी, जुनोना ही सगळी बफरची गेटं आणि ताडोबाचे कित्येक नावाजलेले वाघ तिथलेच. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, कोअर बंद असतं तेव्हाही बफर चालू राहतं. फरक इतकाच की बफरमध्ये मधूनच गुरं दिसतात, सायकलवरून कुणी जाताना दिसतं, आणि काहींचा "जंगल फील" जातो. मला उलट तेच खरं चित्र वाटतं.

ऋजुता_ठाणे (४ मार्च, रात्री ११:१५)

मंडळी, आलो. काल धुळीचं धुणं संपलं, आज लिहायला बसलेय.

आनंदवनात आई दोन तास रमली. बाबा जाम ते वरोरा प्रत्येक फाटकाला "इथे अमुक साली अमुक झालं" सांगत होते. संध्याकाळी मोहर्लीत पोचलो तेव्हा मुलांनी पहिला प्रश्न विचारला, "वाघ कुठेय?"

बुधवारची दुपार. पळस पेटलेला, रस्ता पीठासारख्या धुळीचा. गवे पाहिले, रस्त्यापासून वीस फुटांवर, काळे चकचकीत, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. मुलीने विचारलं, "हे कुणाचे बैल?" पुढे तेलिया तळ्याच्या बाजूला बारा-पंधरा गाड्यांची रांग. बांबूच्या बेटात वाघीण झोपली होती म्हणे. आईला तिचा कान दिसला, नवऱ्याला पट्टा दिसला, मला बांबू दिसला. मुलीला काहीच दिसलं नाही आणि ती जी रडायला लागली ती गेट येईपर्यंत. मागच्या गाडीतले एक काका "अरे गाडी आत घ्या ना" म्हणून ओरडत होते. आमच्या गाईडने नुसतं वळून पाहिलं. चांगली पाच सेकंद. काका गप्प.

गुरुवारी आई, मुलगी आणि नवरा मुक्कामावरच थांबले. मी, बाबा आणि मुलगा आगरझरीला. वाघ नाही. पण नाल्याकाठी रानकुत्र्यांची टोळी, नऊ मोजली, चितळ मारून नुकतीच बसलेली. आवाज अगदीच वेगळा, शिट्टी घातल्यासारखा. एक पिल्लू चितळाचा कान घेऊन पळत होतं आणि दुसरं त्याच्या मागे, अगदी आमच्या घरात रिमोटवरून चालतं तसं. मुलगा एरवी पाच मिनिटं गप्प बसत नाही, तो अर्धा तास हलला नाही. बाबा हळूच म्हणाले, "वाघापेक्षा हे बरं, तो झोपलेलाच असतो."

शुक्रवारी सगळे. गाईड बाई होत्या, पंचविशीच्या, मोहर्लीच्याच. त्यांनी एका पाणवठ्याशी गाडी लावायला सांगितली आणि म्हणाल्या, बसू. समोर पाण्यावर एक खंड्या, काठावर मोर, बाकी सामसूम. वीस मिनिटांनी लांबून कॉल, म्हणजे जनावरांच्या इशाऱ्याचे आवाज, आले. आमच्या शेजारच्या तिन्ही गाड्या धूळ उडवत तिकडे गेल्या. चालकाने हात किल्लीकडे नेला. बाई म्हणाल्या, "थांब. ते चितळ आहे." चिमूरकर, मला तुमचीच आठवण आली! अजून अर्धा तास. मुलीला शू लागली. नवरा घड्याळ बघायला लागला. मी मनातल्या मनात बाईंवर चिडायच्या बेतात होते.

आणि मग आमच्या पाठीमागून, अगदी जवळून, "ढांक".

सगळे गर्रकन मागे वळले. गाडीच्या मागे, चाळीस-पन्नास फुटांवर, वाघ बांबूतून रस्त्यावर आलेला. नर, रुंद तोंडाचा. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. रस्त्याच्या मधोमध चालायला लागला, आमच्यापासून लांब, डुलत डुलत, खांद्याची हाडं वर-खाली. पाय टाकला की धुळीचा छोटा लोट उठायचा, आवाज मात्र शून्य.

आईला वळता येत नव्हतं. पट्टा आवळलेला, मान अर्धीच फिरते. ती पुढे बघत नुसती विचारत होती, "आहे का? कुठे आहे? दिसतोय का तुम्हाला?" आणि आमच्यापैकी कुणीही, मी धरून, तिच्याकडे लक्ष देत नव्हतं. खंडूंनी सांगितलेली सीट, बरोबर चालकाच्या मागची. त्या चालकाने, पोरगाच तो, न बोलता हात बाहेर काढला आणि दाराबाहेरचा आरसा हळूच फिरवत फिरवत आईच्या रेषेत आणला. थोडा वर, थोडा आत. आई म्हणाली, "हां. बस."

मी वळून पाहिलं तेव्हा तिच्या आरशात वाघ होता, हाताच्या पंजाएवढा, आणि ती दोन्ही हातांनी दांडा धरून बघत होती. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत असेल मिनिटभर. नंतर चालकाने आरसा परत आपल्या जागी लावला आणि विचारलं, "आजी, दिसला ना?"

गाडीत मोबाईल नव्हता, फोटो नाही. मुलीने घरी आल्यावर चित्र काढलंय, त्यात वाघ चौकटीत आहे.

हिशेब, गाडीभाडं वगैरे उद्या टाकते.

निवृत्त_मास्तर (५ मार्च, सकाळी ५:५५)

ताई, काही आरशांवर इंग्रजीत लिहिलेलं असतं ना, वस्तू दिसते त्याहून जवळ आहे. आईसाहेबांनी ते वाचलं नसेल अशी आशा करतो.

ऋजुता_ठाणे (५ मार्च, सकाळी ७:३०)

वाचलं! बाबांना नंतर म्हणाली, "मला तुमच्यापेक्षा जवळून दिसला, आरशावर लिहिलंच होतं."

चिमूरचा (५ मार्च, सकाळी ९:१२)

भावाले वाचून दाखवलं. तो म्हणे, तो चालक कोण ते समजलं, पण आता त्याले चहा पाजावा लागते. खांब पाहिले का बाबांनी?

ऋजुता_ठाणे (५ मार्च, सकाळी ९:४०)

पाहिले ना. मोजायला लागले होते. सत्ताविसाव्याला गवा आडवा आला.

गवताचं_पातं (५ मार्च, दुपारी १२:२०)

रानकुत्र्यांच्या पिल्लाचं वाचून जीव खुळावला. बारा-पंधरा गाड्यांचं वाचून पुन्हा चिडचिड झाली. त्या गाईडबाईंना माझा नमस्कार. पुढच्या वेळी कान्हा, लक्षात आहे ना?

हर्षद_एन (९ मार्च, रात्री ११:५८)

धागा खूपच माहितीपूर्ण, वाचनखूण साठवली. आम्ही एप्रिलमध्ये चार मित्र जातोय, सोमवारी रात्री पोचतो आणि मंगळवारी रात्रीची परतीची गाडी आहे. मंगळवार सकाळची कोअर सफारी कुठल्या गेटची घ्यावी?

रानवाट (१० मार्च, सकाळी ७:०१)

फ्रीज आहे का घरी?